दुखणे किती आणे?
(संध्याकाळच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)

आज आपण दुखण्याविषयी बोलणार आहोत. डोके दुखते, गुडघा दुखतो, ते दुखणे आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. आज बोलायचे आहे ते कर्करोगाच्या दुखण्याविषयी. कर्करोग म्हणजे कॅन्सर. हे नाव निघाले की माणसे एकमेकांकडे पाहतात आणि गप्प होतात. आम्ही आज गप्प बसणार नाही. गप्प बसल्याने दुखणे कमी होत नाही, वाढते.

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कॅन्सर हा शिवल्याने होणारा रोग नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने, त्याच्या अंथरुणावर बसल्याने, त्याचे पाय चेपल्याने तो कुणालाही होत नाही. हे आम्ही आधी का सांगतो, ते पुढे कळेल.

आपल्या नगर जिल्ह्यातली गोष्ट आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण बोलताना आपण अजून नगरच म्हणतो. पारनेर तालुक्यातल्या एका गावी आमचा वर्ग चालू होता. वर्गाला एक सून येत असे. हुशार बाई. एकदा ती लागोपाठ चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो.

पडवीत खाटेवर तिच्या सासूबाई निजल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, आजी घरी आल्या. आता रोग कमरेच्या हाडात उतरला होता. खाटेजवळ वेगळी ताटली होती, वेगळा तांब्या होता. शेजारपाजारचे लोक अंगणातूनच "कसं काय आजी?" असे विचारून जात. आजी रात्रंदिवस कण्हत होत्या.

आम्ही काय केले? आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "आजी, धीर धरा. हरीचं नाव घ्या."

आजी म्हणाल्या, "बाबांनो, नाव घ्यायला तोंड उघडते, तर कण्हणंच बाहेर पडतं."

आम्हांला लाज वाटली. ज्याच्या हाडात विस्तव आहे, त्याला नुसता धीर धरायला सांगणे म्हणजे तहानलेल्याला विहीर लांबून दाखवणे. आमची ती चूक आम्ही आज तुमच्यापुढे कबूल करतो. तुम्ही ती करू नका.

आधी डॉक्टर, मग बाकीचे

आज आम्ही तुम्हांला औषधाशिवाय दुखणे हलके करण्याचे उपाय सांगणार आहोत. पण हे उपाय औषधाच्या बदली नाहीत. ते औषधाच्या जोडीला आहेत. गाडीला दोन बैल लागतात. एकाच बैलाच्या मानेवर सगळे जू देऊ नका.

कॅन्सरच्या जोराच्या दुखण्यावर मॉर्फिन नावाचे औषध आहे. ते अफूपासून करतात. म्हणून लोक भितात. "सवय लागेल," "ही शेवटची गोळी असते," असे म्हणतात. तसे नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात आणि वेळेवर घेतले, तर कॅन्सरच्या रोग्याला त्याचे व्यसन लागणे फार क्वचित. त्याने पोट मात्र घट्ट होते. म्हणून डॉक्टर त्याच्याबरोबर पोट साफ होण्याचे औषध देतात. अफूच्या औषधांवर १९८५ सालच्या कायद्याने कडक बंधने आली. दुखणाऱ्या माणसाला ही औषधे मिळणे त्यामुळे अवघड झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि रुग्णालयांची वाट थोडी सोपी झाली. तेव्हा डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "दुखणं थांबवायला काय देता येईल?" असे विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

आजींना मुलाने डॉक्टरांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या. हाडाच्या दुखण्यासाठी त्यांना किरण देण्यात आले. किरणांना आपल्याकडे कुणी 'लाइट' म्हणतात, कुणी 'शेक' म्हणतात. हाडात रोग गेला असेल, तर पुष्कळ वेळा एकाच दिवसाच्या किरणांनीही दोन-तीन आठवड्यांत दुखणे उतरते.

या 'शेक' शब्दाने एका घरी घोटाळा केला, तोही ऐका. डॉक्टर म्हणाले, "शेक दिला आहे." घरच्यांना वाटले, घरीही शेकावे. त्यांनी विटेचा तुकडा तापवला, फडक्यात गुंडाळला आणि त्याच जागी ठेवला. कातडी भाजून निघाली. किरण दिलेल्या जागी गरम काही लावू नये, बर्फही लावू नये. शब्द एक, गोष्टी दोन. समजले नाही तर पुन्हा विचारावे.

दुखणे मोजावे कसे?

डॉक्टरांनी आजींना विचारले होते, "शून्य ते दहा, यांत तुमचं दुखणं किती?"

आजी गोंधळल्या. "दहा म्हंजी दहा काय? शेर का पायली?"

घरी आल्यावर सुनेने दुसरी युक्ती केली. ती म्हणाली, "आत्या, रुपयात किती आणे दुखतंय?"

आजी लगेच म्हणाल्या, "आत्ता बारा आणे. पहाटे सोळा आणे होतं."

पाहा, माप ओळखीचे असले की उत्तर येते. जुन्या माणसांना आणे कळतात. लहान मुलाला हाताची बोटे दाखवायला सांगा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या कपाळावरच्या आठ्या पाहा, मूठ आवळली आहे का ते पाहा. पण दुखणे किती ते ज्याचे त्यालाच ठरवू द्या. "एवढं काही दुखत नसेल," असे पाहणाऱ्याने म्हणू नये. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे.

सुनेने वर्गाच्या वहीची मागची पाने घेतली आणि चार रकाने आखले: वेळ, किती आणे, काय केले, नंतर किती आणे. एक पान असे होते:

सकाळी ७. दहा आणे. गोळी दिली. ८ वाजता पाच आणे.
दुपारी १. सहा आणे. पाय चोळले, कूस बदलली. चार आणे.
रात्री १०. बारा आणे. गोळी दिली. ११ वाजता दहा आणे.

'दुखणे' हा शब्द तिने 'दूखने' असा लिहिला होता. त्या दिवशी आम्ही तो सुधारला नाही. पुढच्या खेपेला तिने ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी पाने उलटली आणि गोळीची वेळ बदलली. अक्षर शिकून काय मिळते, असे कुणी विचारले की आम्ही ही गोष्ट सांगतो.

दुखण्याचे दार

आता एक प्रश्न. कोपर दाराला आपटले की आपण काय करतो? लगेच चोळतो. चोळले की बरे वाटते. का बरे वाटते?

१९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचा विचार मांडला. आपल्या भाषेत सांगायचे, तर पाटाला जसे दार असते, तसे पाठीच्या कण्यात दुखण्याच्या वाटेवर एक दार आहे. दुखणे त्या दारातून मेंदूकडे जाते. हाताचा स्पर्श, चोळणे, ऊब यांची खबर त्याच दाराशी पोचते आणि दार थोडे लोटले जाते. मग दुखण्याचे पाणी कमी वाहते. वरून मेंदूही त्या दाराला हात लावतो. भीती, काळजी, जागरण असले की दार सताड उघडते. मन शांत असले की ते काहीसे मिटते. पुढे शास्त्रज्ञांनी या विचारात पुष्कळ भर घातली, पण मूळ गोष्ट टिकली.

म्हणून स्पर्शाने दुखणे कमी होते, हा भाबडा समज नाही. आता तुम्हांला कळले असेल, 'कॅन्सर शिवल्याने होत नाही' हे आम्ही सुरुवातीलाच का सांगितले. ज्या घरात रोग्याला कुणी हात लावत नाही, त्या घरात एक औषध फुकट जात असते.

घरच्या घरी काय करावे?

चोळणे. तळपाय, हात, डोके यांना कोमट तेल लावून दहा मिनिटे हलक्या हाताने चोळा. पैलवानाची मालिश नको. जिथे गाठ आहे, जखम आहे, किरण दिले आहेत, किंवा हाडात रोग आहे, तिथे दाबू नका. एखादा पाय एकाएकी सुजला, लाल झाला, तर तो मुळीच चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. डॉक्टरांना दाखवा. २०२२ साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यासाठी शिफारशी काढल्या. त्यांत हलक्या मालिशला जागा आहे. काही प्रकारच्या दुखण्यांसाठी ॲक्युपंक्चरलाही आहे. मात्र सुया टोचण्याचे काम शिकलेल्या माणसाचे आहे, आणि आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचे आहे.

ऊब आणि गारवा. आखडलेल्या पाठीला, खांद्याला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवा. आधी ती आपल्या मनगटावर ठेवून पाहा. जिथे रोग्याला स्पर्श कळत नाही, तिथे ठेवू नका. काही दुखण्यांना गारवा बरा वाटतो. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही.

निजण्याची रीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. उशी नसेल तर जुने धोतर घडी करून ठेवा. हाडात रोग असेल, तर हाताला धरून ओढू नका. दोघांनी मिळून, ओंडका वळवावा तसे सगळे अंग एकदम वळवा. ही रीत रुग्णालयातल्या परिचारिकेकडून शिकून घ्या. अंघोळ घालताना दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी गोळी द्या, मग अंघोळ घाला.

हालचाल. हिंडताफिरता येत असेल, तर अंगणात चार पावले चालू द्या. पडून राहिले की सांधे धरतात आणि दुखणे दुप्पट होते. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजतो, जड होतो. त्याचे व्यायाम असतात. ते शिकून घ्यावेत.

श्वास. नाकाने हळू श्वास घ्या. मग फुंकणीने चूल फुंकावी तसा, पण सावकाश, तोंडाने सोडा. सोडायला जास्त वेळ लावा. रोग्याजवळ बसून तुम्हीही त्याच्याबरोबर करा. दहा वेळा केले की आवळलेले अंग सैल पडते.

तोंड. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्री यांनी तोंडाचे कॅन्सर पुष्कळ होतात. अशा रोग्याला तिखट, कडक, फार गरम देऊ नका. भाकरी दुधात कुस्करून द्या. कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरू द्या.

मन रमवणे. ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली. आपल्याकडे हरिपाठ, भजन घरोघर आहे. गोळीने दुखणे थोडे उतरल्यावर आजींच्या खाटेजवळ संध्याकाळी चार बायका हरिपाठाला बसू लागल्या. आजीही ओठ हलवू लागल्या. जे नाव आम्ही त्यांना आधी घ्यायला सांगितले, ते आता त्यांच्या तोंडी आपणहून आले. आधी दुखणे उतरले पाहिजे, मग भजन रुचते. पण सर्वांना भजनच हवे असे नाही. दुसऱ्या एका गावी एक पैलवान आजोबा होते. त्यांना भजन नको होते, कुस्त्यांच्या गोष्टी हव्या होत्या. नातू रोज त्यांना एक कुस्ती विचारी आणि ते तासभर दुखणे विसरत. ज्याला जे आवडते ते द्या.

काय करू नये, तेही ऐका. बिब्बा घालू नये. तापल्या विळ्याचा डाग देऊ नये. गाठीवर कसला पाला बांधू नये. "आमच्या काढ्याने गाठ विरघळते, डॉक्टर सोडा," असे जो म्हणतो, त्याला घराबाहेरची वाट दाखवा. आम्ही सांगितलेल्या उपायांनी गाठ विरघळत नाही. दुखणे हलके होते, झोप लागते, माणूस माणसांत येतो. तेवढेच त्यांचे काम आहे, आणि ते लहान नाही.

आणखी एक इशारा. कॅन्सरच्या रोग्याची पाठ एकाएकी जोरात दुखू लागली, पायांतले बळ गेले, पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. उशीर झाला तर पाय कायमचे जातात.

रात्रीचे बारा आणे

आता वहीकडे परत येऊ. आजींचे दुखणे दिवसा चार आणे आणि रात्री बारा आणे. गोळी तीच. मग असे का? आम्हांला उलगडेना.

एका रात्री सुनेने दिवा बारीक केला, खाटेवर बसून आजींचा हात हातात घेतला आणि विचारले, "आत्या, रात्री काय होतं तुम्हांला?"

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रात्री मी हिशोब करते. माझ्यापायी अर्धा एकर गेला. पोराला विचारायची हिंमत होत नाही."

लंडनमध्ये सिसिली साँडर्स नावाची बाई होऊन गेली. ती आधी परिचारिका होती, मग समाजसेविका झाली, मग डॉक्टर झाली. मरणाच्या वाटेवरच्या रोग्यांसाठी तिने १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे सेवाघर उघडले. तिने सांगितले की असे दुखणे एकट्या शरीराचे नसते. शरीर दुखते, मन दुखते, घरादाराची आणि पैशाची काळजी दुखते, आणि 'माझ्याच वाट्याला हे का?' हा प्रश्नही दुखतो. चारही मिळून ते पुरे दुखणे. गोळी पहिल्यावर चालते. बाकीच्या तिघांना माणूस लागतो.

मुलगा सुप्याच्या कारखान्यात कामाला होता. दुसऱ्या दिवशी तो आईजवळ बसला. जमीन गेलीच नव्हती. ऑपरेशन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले होते. जाण्यायेण्याला आणि बाहेरच्या खाण्याला थोडे कर्ज झाले होते, तेवढेच. आईला काळजी नको म्हणून त्याने काही सांगितले नव्हते. आणि न सांगितल्यामुळेच आईची काळजी वाढली होती.

त्या रात्री वहीत लिहिले आहे: रात्री १०. सहा आणे. नंतर झोपल्या.

एकट्याने ओढू नका

हे सगळे एका सुनेने करावे का? नाही. ती आजारी पडली तर वही कोण लिहील? घरातल्या पुरुषांनीही पाय चेपावेत, कूस बदलावी. शेजारणीने दोन तास बसावे आणि सुनेला झोपू द्यावे.

"आम्ही अडाणी, आम्हांला काय कळतं?" असे म्हणू नका. याच जिल्ह्यात जामखेडला डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायकांनी आपापल्या गावांत बाळंतपणे सांभाळली, मुलांचे आजार ओळखले. पुढे जगभरचे लोक ते काम पाहायला जामखेडला आले. तेव्हा शिकणे आपल्या हातात आहे.

मदत कुठे मिळते? गावातल्या आशाताईंना विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. लोणीला प्रवरेचे मोठे रुग्णालय आहे. जामखेडकडच्या लोकांना सोलापूर जिल्ह्यातले बार्शी जवळ. तिथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कॅन्सर रुग्णालय आहे. खेड्यांतल्या कॅन्सरची गावोगाव नोंद ठेवण्याचे काम बार्शीला १९८७ साली सुरू झाले. मुंबईला परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. रोग बरा होणे शक्य नसेल, तरी दुखणे हलके करण्यासाठी वेगळी सेवा असते. तिला परिहार सेवा म्हणतात. अशा रोग्यांचे आपल्या देशातले पहिले सेवाघर, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले. पुण्यात वारजे येथे सिप्ला कंपनीच्या संस्थेने १९९७ साली असे केंद्र काढले. तिथे रोग्यावर मोफत उपचार करतात, आणि घरच्या माणसांना सेवा कशी करावी ते शिकवतात. "आता काही करण्यासारखं नाही," असे कुणी म्हणाले, तर विचारा, "दुखणं कमी करण्यासारखं तरी आहे ना?" ते बहुतेक वेळा असते.

आजी त्यानंतर पाच महिने जगल्या. दुखणे शून्य झाले असे आम्ही सांगणार नाही. चार आणे राहिले. पण वेगळी ताटली गेली, वेगळा तांब्या गेला. नातवंडे खाटेवर चढून बसू लागली. एकदा तर आजींनी बाजरीची भाकरी कशी थापावी यावरून सुनेला बोलही लावले. सून आम्हांला हसत म्हणाली, "गुरुजी, आज आत्या बरोबर भांडल्या. म्हंजी बरं वाटत असणार."

वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर एवढेच आहे: पहाटे ४. दोन आणे. हात धरला.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावात अशी एखादी खाट असेल. उद्या तिथे जा. अंगणातून विचारून परत फिरू नका. आत जा, खाटेवर बसा, हात हातात घ्या आणि विचारा, "आज किती आणे?" आणि जे उत्तर येईल, ते वहीत लिहा.